शेनिन ब्लां: आंबटपणा राखून वाईनचं द्राक्ष पिकवण्याची रीत

वाईनरीच्या काट्यावर ट्रॉली उभी असते. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायच्या यंत्रावर) २४ ब्रिक्स, म्हणजे साधारण २४ टक्के साखर दिसतं आणि बागायतदाराचा चेहरा खुलतो. मग रसाचा पीएच (हा आकडा जितका जास्त, तितका आंबटपणाचा जोर कमी) येतो ३.८, आणि माल खालच्या प्रतीत जातो किंवा परतच पाठवला जातो. गोडी भरपूर असताना नाकारतात कसं, हा प्रश्न मला दर फेब्रुवारीत कुणी ना कुणी विचारतंच.

कारण बहुतेक वेळा एकच असतं. थॉम्पसन, सोनाका या खाण्याच्या जाती पिकवायची सवय हाताला असते आणि त्याच सवयीने शेनिन पिकवलं जातं. खाण्याच्या द्राक्षात मोठा मणी, भरगच्च घड आणि गोडी यांना पैसे मिळतात. शेनिनला पैसे मिळतात ते गोडीसोबत टिकलेल्या आंबटपणाला. आपल्याकडे उन्हामुळे गोडी आपोआप येते, आंबटपणा मात्र राखावा लागतो. खालचे टप्पे नाशिक, दिंडोरी, निफाड या पट्ट्यातल्या बागा समोर ठेवून लिहिले आहेत. क्रम बदलू नका, कारण मागच्या टप्प्यातली चूक पुढच्या टप्प्यात दुरुस्त होत नाही.

आधी जातीचा स्वभाव समजून घ्या

शेनिन मूळची फ्रान्समधल्या लोआर खोऱ्यातली. आज तिची सगळ्यात जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे. उष्ण भागात ती तग धरते, कारण तिच्यात जात्याच आम्ल जास्त असतं. पण तिच्या पाच खोडी आहेत आणि पुढचं सगळं काम त्यांच्याभोवतीच फिरतं.

घड दाट बसतो, मणी एकमेकांना दाबतात. साल पातळ असते. वेल जोमदार आहे, मोकळी सोडली तर नुसता पाला वाढवते. मागाल तेवढं पीक देते, आणि दिलं की रस पाणचट होतो. शिवाय एकाच घडात काही मणी पिकलेले आणि काही हिरवे, असंही होतं. दाट घड आणि पातळ साल एकत्र आली की भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी) आणि कुज यांना आमंत्रण मिळतं. मोठा मणी करायचा मोह इथेच सोडा.

टप्पा १: जमीन, पाणी आणि करार

भारी काळी जमीन शेनिनला नको. तिथे वेल हाताबाहेर जाते आणि पावसाळ्यानंतर मुळांशी ओल राहते. हलकी ते मध्यम, मुरमाड, उताराची, निचरा होणारी जमीन निवडा. दोन-तीन ठिकाणी तीन फूट खोल खड्डा घेऊन थर स्वतः पाहा. वरची माती बघून निर्णय घेणाऱ्यांना खालचा चोपण किंवा चुनखडीचा थर तिसऱ्या वर्षी भेटतो, आणि तेव्हा पानं पिवळी पडण्याचं कारण शोधत फिरावं लागतं.

माती आणि पाणी दोन्हींची तपासणी लागवडीआधी करा. मातीत मुक्त चुना, सामू (पीएच) आणि क्षारता पाहा. पाण्यात क्षार, सोडियम आणि क्लोराइड पाहा. कोणता खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर शेनिनचं कलम करायचं ते रोप, घ्यायचा ते या अहवालावर ठरतं.

आता करार. वाईनचं द्राक्ष मंडईत विकलं जात नाही. मणी लहान, बी असलेला आणि आंबट, म्हणजे खाण्यासाठी गिऱ्हाईक नाही. वाईनरी ठरलेली नसताना लागवड करणं म्हणजे सगळा धोका स्वतःच्या डोक्यावर घेणं. करारात किमान एवढं लेखी हवं: ब्रिक्ससोबत पीएच आणि आम्लाची मर्यादा, तोडणीची तारीख कोण ठरवणार, नमुना कुणासमोर तपासणार, कुजक्या मालाची किती टक्केवारी चालणार, वाहतूक कुणाची, पैसे किती दिवसांत.

*सावधान:* करारात फक्त ब्रिक्स लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी पीएचची अट विचारा. ती अट काट्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेली बरी.

टप्पा २: खुंट, अंतर आणि तारा

आपल्याकडे डॉगरिज खुंट सर्रास वापरतात. शेनिन आधीच जोमदार, त्यात डॉगरिजचा जोम मिळाला की छाटणीची मजुरी वाढते, कॅनॉपी (पानांचा पसारा) दाटते आणि घड सावलीत जातात. मध्यम जमिनीत मी ११० आर हा खुंट पसंत करतो. तो पाण्याचा ताण सोसतो आणि वेल आटोक्यात ठेवतो. पाणी फारच खारट असेल तर मात्र तपासणी अहवाल घेऊन मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या किंवा तुमच्या वाईनरीच्या तज्ज्ञाला विचारूनच खुंट निवडा.

खुंटरोपं जानेवारी ते मार्चमध्ये लावतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर पाचर कलम करतात आणि थंडी ओसरू लागली की जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत रिकट (नवी फूट घेण्यासाठी पुन्हा छाटणी) घेतात. कलमाचा जोड जमिनीपासून किमान एक फूट वर राहू द्या. जोडाला माती लागली की वरच्या शेनिनलाच मुळं फुटतात आणि खुंटावर केलेला खर्च वाया जातो. कलमकाड्या खात्रीच्या, रोगमुक्त बागेतूनच घ्या. शेजाऱ्याची बाग ‘व्हाईट वाईनची’ आहे एवढ्या ओळखीवर काड्या आणल्या तर शेनिनमध्ये दुसऱ्याच जातीच्या वेली मिसळतात, आणि ते कळायला दोन वर्षं जातात.

अंतर ८ बाय ४ फूट ठेवलं तर एकरी साधारण १,३६० वेली बसतात. ओळी उत्तर-दक्षिण. ओलांड्याची (वेलीच्या आडव्या, कायमच्या फांदीची) तार जमिनीपासून तीन ते साडेतीन फुटांवर आणि त्यावर फुटी उभ्या धरणाऱ्या तारांच्या जोड्या, म्हणजे व्हीएसपी पद्धत. मंडप नको. मंडपाखाली पीक भरपूर लागतं, पण घडाला हवा लागत नाही. आपल्या उन्हात शुद्ध व्हीएसपीमध्ये पश्चिमेकडचे घड भाजतात, म्हणून वरच्या बाजूला थोडी फाकणारी, इंग्रजी वाय अक्षरासारखी मिनी वाय मांडणी केली तर दुपारची सावली मिळते. मला हीच मांडणी आपल्या भागाला सगळ्यात योग्य वाटते.

टप्पा ३: एप्रिलची खरड छाटणी

फळ ऑक्टोबर छाटणीत (फळ छाटणीत) लागतं असं वाटतं, पण घड तयार होतो तो उन्हाळ्यात, डोळ्याच्या आत. म्हणून खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या तळाशी कापून नव्या तयार करायची ही उन्हाळी छाटणी, उरकून टाकायचं काम समजू नका.

१. तोडणीनंतर वेलीला महिनाभर तरी विश्रांती द्या. हलकं पाणी आणि थोडं खत चालू ठेवा. पानं हिरवी असताना वेल मुळांत आणि खोडात अन्न साठवत असते.

२. एप्रिलमध्ये प्रत्येक काडी एक-दोन डोळ्यांवर कापा. ओलांड्यावर टोचे (कापून उरलेले काडीचे आखूड खुंटले) चार ते पाच इंच अंतराने राखा, मधले काढून टाका.

३. फुटी चार-पाच पानांच्या झाल्या की विरळणी करा. ओलांड्याच्या एका मीटरवर १२ ते १५ फुटी पुरेत.

४. छाटणीपासून साधारण ४५ व्या दिवशी काडीच्या तळापासून पाचव्या पानाचे देठ गोळा करून तपासणीला पाठवा. घडनिर्मिती याच सुमाराला चालू असते. या काळात नत्र आणि पाणी जास्त झालं तर डोळ्यात घडाऐवजी बाळी (वेलीचा तणावा) तयार होते.

५. जुलै-ऑगस्टमध्ये बगलफुटी काढत राहा, काडीला ऊन-वारा लागू द्या. करपा आणि डावण्या या बुरशीजन्य रोगांसाठी एक टक्का बोर्डो मिश्रण अजूनही उपयोगी पडतं. १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चांगला कळीचा चुना.

*तपासा:* बोर्डो फवारण्याआधी त्यात स्वच्छ लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. तसंच फवारलं तर पानं जळतील.

टप्पा ४: फळ छाटणीची तारीख

वर्षभरातला सगळ्यात महाग निर्णय हाच. त्याला वेळ द्या.

शेनिनला आपल्याकडे फळ छाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण १३० ते १५० दिवस लागतात. १४० दिवस धरून हिशेब करा. २० सप्टेंबरला छाटलं तर तोडणी ७ फेब्रुवारीच्या आसपास. २० ऑक्टोबरला छाटलं तर ९ मार्च. कागदावर हा महिन्याचाच फरक दिसतो, पण रसात तो फार मोठा आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री थंड असतात. मार्चमध्ये दुपारी ३५ अंश आणि त्याहून वर जातं.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकतं. मॅलिक मात्र उष्णतेत मणी स्वतःच श्वसनात जाळून टाकतो, आणि जितकी उष्णता जास्त तितकं ते लवकर संपतं. म्हणून मार्चमध्ये पिकणाऱ्या शेनिनमध्ये साखर झपाट्याने चढते आणि आम्ल त्याहून झपाट्याने उतरतं. जानेवारीत निफाडसारख्या ठिकाणी थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांखाली जातो. त्या थंड रात्री हीच आपली खरी मिळकत आहे, आणि मणी पिकण्याचा काळ त्यांच्या जवळात जवळ आणायचा.

मग ऑगस्टअखेर छाटून टाकावं का? नाही. तेव्हा पोंगा (डोळा फुटून निघालेला कोवळा कोंब) ते फुलोऱ्याचा काळ परतीच्या पावसात सापडतो आणि डावण्या कोवळे घडच खाऊन टाकतो. माझं मत स्पष्ट आहे: सप्टेंबरचा तिसरा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा ही शेनिनची खिडकी. बाग मोठी असेल तर दोन-तीन प्लॉट आठ-दहा दिवसांच्या अंतराने छाटा. पाऊस एखादा प्लॉट गाठेल, सगळे गाठणार नाही. वाईनरीलाही माल टप्प्याटप्प्याने हवा असतो.

तारीख ठरली की कामाचा क्रम असा:

१. छाटणीआधी आठ-दहा दिवस वेगवेगळ्या वेलींवरच्या काड्या कापून डोळा तपासणी करून घ्या. कितव्या डोळ्यात घड आहे ते कळल्याशिवाय कात्री उचलू नका. शेनिनला खालच्या डोळ्यांतही घड असतो, त्यामुळे थॉम्पसनसारखी लांब काडी सहसा ठेवावी लागत नाही. पण उन्हाळा ढगाळ गेला असेल तर अंदाज चुकतो.

२. पाणी तोडा आणि पानगळ करा, म्हणजे डोळे एकसारखे फुगतील.

३. पाऊस नसलेला दिवस धरून, अहवालानुसार काडी कापा. बारीक आणि कच्च्या काड्या मुळापासून काढा.

४. छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करा, म्हणजे ते काडीवरच्या डोळ्यांना लावा. प्रमाण लेबलवरचंच. बारीक काडीला लेबलवरचं कमी प्रमाण घ्या, नाहीतर डोळे जळतात.

*धोक्याची सूचना:* हायड्रोजन सायनामाइड विषारी आहे. त्वचेतूनही अंगात जातं. रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट याशिवाय एकाही मजुराला ओळीत उतरवू नका. पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून पुढचा आठवडाभर मद्य अजिबात नको. हे रसायन शरीरात मद्याचं विघटन अडवतं, त्याने चेहरा लाल होतो, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. काम सुरू करण्याआधी हे प्रत्येकाला तोंडी सांगा. नुसतं डब्यावर लिहिलेलं पुरत नाही.

टप्पा ५: फुटी मोजा, घड मोजा

छाटणीनंतर आठ ते बारा दिवसांत पोंगा दिसतो. तीन-चार पानांवर घड ओळखू येऊ लागले की फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढा. हे काम आठवडाभर लांबलं तरी वेलीचं अन्न नको तिथे जातं आणि कॅनॉपी दाटते.

आता पिकाचा हिशेब. समजा वेलीवर २५ घड ठेवले आणि तुमच्या बागेत घडाचं सरासरी वजन १५० ग्रॅम येतं. वेलीला पावणेचार किलो, गुणिले १,३६० वेली, म्हणजे एकरी पाच टनांच्या आसपास. चांगल्या वाईनसाठी मी याच आकड्याजवळ थांबतो. शेनिन दहा टन द्यायला तयार असते, पण ते दहा टन पिकायला उशीर लावतात, पिकेपर्यंत मार्च उजाडतो, आणि पुन्हा तीच आम्लाची रड. जास्त टनांच्या मोहाने तारखेवर केलेली सगळी मेहनत इथे घालवू नका.

घडाचं वजन दुसऱ्याच्या बागेतून उसनं घेऊ नका. मागच्या हंगामात तोडणीच्या दिवशी ५० घड वजन करून ठेवले असतील तर यंदाचा हिशेब बरोबर येईल. पहिलंच वर्ष असेल तर मणी स्थिरावल्यावर पुन्हा मोजा आणि जास्तीचे घड तेव्हा काढा.

*तपासा:* ओळीच्या एका बाजूला उभं राहून कॅनॉपीतून पलीकडे पाहा. मध्ये मध्ये उजेडाचे ठिपके दिसले पाहिजेत. सलग हिरवी भिंत दिसली तर फुटी जास्त आहेत.

टप्पा ६: फुलोरा ते मणी सेटिंग

या काळात शत्रू डावण्या. सकाळचं दव, ढगाळ हवा, अवकाळी सर यांपैकी काहीही झालं की पानाची खालची बाजू पाहायची. वरून तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. मणी ज्वारीएवढे होईपर्यंत फवारणीचं वेळापत्रक हवामान बघून चालवा, तारखा बघून नव्हे. औषध द्राक्षासाठी लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची अधिकृत मान्यता) असलेलं आणि वाईनरीच्या यादीतलंच घ्या.

सेटिंग झालं की पूर्वेकडच्या बाजूने घडांजवळची तीन-चार पानं काढा. सकाळचं कोवळं ऊन आणि वारा घडाला लागतो, दव लवकर सुकतं. आणि हे लवकर करा. मणी लहान असताना ऊन लागलेली साल सोसायला शिकते. मणी फुगल्यावर एकदम पानं काढली तर साल भाजते. पश्चिमेकडचं एकही पान काढू नका. मजुरांना ‘दोन्हीकडची पानं काढा’ असं सांगितलेल्या बागेत पश्चिमेचे घड तपकिरी झालेले मी पाहिले आहेत, आणि त्या भाजलेल्या मण्यांचा कडवटपणा वाईनमध्ये शेवटपर्यंत राहतो.

घड जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकात बुडवायचं डिपिंग मणी फुगवण्यासाठी करू नका, गर्डलिंगही (खोडाच्या सालीची कडी काढणं) नको. फुगलेला मणी शेजारच्या मण्याला दाबतो, देठाजवळ चिरतो आणि घडाच्या आत, दिसणार नाही अशा जागी कुज सुरू होते.

टप्पा ७: पाणी, नत्र आणि पालाश

मणी सेटिंगनंतर पाण्याचा हलका ताण द्या. शेंड्याची वाढ मंदावली पाहिजे, पण दुपारी पानं लोंबू नयेत. फूट तीन-साडेतीन फुटांची आणि १२ ते १५ पानांची झाली की शेंडा मारा. मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ पडून गोड होऊ लागल्यावर, बागेचं पाणी कमी ठेवा, पण एकदम तोडू नका. तोडल्यावर साखर चढलेली दिसते, ती बरेचदा मणी सुकल्यामुळे असते. आणि ताण दिलेल्या बागेला एकदम भरपूर पाणी दिलं की मणी तडकतात.

नत्र बेताने. जास्त झालं तर पाला वाढतो आणि भुरी बसते. पण नत्र पूर्ण बंद करणं हीही चूकच, कारण रसात नत्र फारच कमी असलं की टाकीत यीस्ट उपाशी राहतं आणि किण्वन मध्येच अडतं. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ तपासून मगच ठरवा.

पालाशबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खाण्याच्या द्राक्षातून आलेल्या बागायतदारांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. पाणी उतरायच्या सुमाराला शून्य-शून्य-पन्नास या पालाशच्या खताच्या फवारण्या आणि ड्रिपमधून पालाश, हा ठरलेला रिवाज आहे. ‘गोडी येते’ म्हणून. शेनिनमध्ये गोडी नसली तर कारण पालाशची कमतरता क्वचितच असतं, बहुधा पीक जास्त असतं. जादा पालाश मण्यात जाऊन टार्टारिक आम्लाशी बांधला जातो. आम्लाचा जोर कमी होतो, पीएच वर सरकतो, आणि पुढे टाकीत त्यातलं बरंच आम्ल खड्यांच्या रूपाने खाली बसतं. ३.८ पीएचच्या मालामागे मला अनेकदा पालाशची हीच पोती सापडली आहेत. देठ तपासणीत कमतरता दिसली तरच पालाश द्या.

*सावधान:* डिसेंबर-जानेवारीत भुरीसाठी गंधक वापरतात. तोडणीच्या अंदाजे तारखेआधी किमान पाच आठवडे ते थांबवा. मण्यावर राहिलेल्या गंधकामुळे किण्वनात कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तांब्याची औषधंही या काळात नकोत. बाकी प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व कालावधी वहीत तारखेसह लिहा.

टप्पा ८: कधी तोडायचं

तोडणीच्या अंदाजाआधी तीन आठवडे दर आठवड्याला नमुना घ्या, शेवटच्या दहा दिवसांत दर दोन दिवसांनी. नमुना चुकला तर पुढचं यंत्र कितीही चांगलं असो, आकडा चुकणारच.

कडेच्या ओळी आणि ओळीतल्या टोकाच्या वेली सोडा. आतल्या ओळींतून दोन्ही बाजूंचे, उन्हातले आणि सावलीतले असे दीडशे-दोनशे मणी घ्या. घडाचा वरचा, मधला आणि टोकाचा भाग आलटून पालटून घ्या. डोळे चांगल्या मण्याकडेच वळतात, म्हणून घड न बघता हात घालून मणी तोडायची सवय लावा. वेळ रोज तीच, सकाळची. मणी पिशवीत पूर्ण चिरडा आणि रस गाळून घ्या. दोन मण्यांचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ठरवलेलं ब्रिक्स हे त्या दोन मण्यांचं असतं, बागेचं नव्हे.

मग तीन आकडे काढा:

१. ब्रिक्स. रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्यावर आणा.

२. पीएच. मीटर ४ आणि ७ च्या बफरवर त्याच दिवशी जुळवून घ्या.

३. एकूण आम्ल. १० मिली रसात फिनॉल्फथॅलिनचे दोन-तीन थेंब टाका आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने सोडा. फिका गुलाबी रंग टिकला की थांबा. लागलेले मिली गुणिले ०.७५ म्हणजे लिटरमागे ग्रॅम, टार्टारिकच्या हिशेबाने. ९ मिली लागले तर पावणेसात ग्रॅम.

कोरड्या साध्या वाईनसाठी २० ते २२ ब्रिक्स, ३.१ ते ३.४ पीएच आणि सहा ते आठ ग्रॅम आम्ल ही चांगली जागा. २१ ब्रिक्समधून साधारण १२ टक्के मद्यार्क मिळतो, त्यामुळे २४ ची वाट बघण्यात काहीच अर्थ नाही. स्पार्कलिंग (फेसाळ) वाईनसाठी माल १७ ते १९ ब्रिक्सलाच तोडतात, तिथे आम्ल आणखी जास्त लागतं. तुमच्या वाईनरीचे आकडे यापेक्षा वेगळे असतील तर तेच प्रमाण माना.

तिन्ही आकडे एकाच वेळी जुळतीलच असं नाही. ब्रिक्स १९.८ आहे, पीएच ३.३५ आहे आणि पुढचे तीन दिवस कडक ऊन सांगितलं आहे, तर मी तोडायच्या बाजूने बोलतो. साखर थोडी कमी असली तर वाईन जरा हलकी होते, एवढंच. गेलेल्या आम्लाची जागा वाईनरी टार्टारिक घालून भरते, पण ते मण्यातल्या आम्लाइतकं एकजीव लागत नाही.

चवही घ्या. कच्च्या शेनिनची चव हिरवी, गवतासारखी. तोडायला आलेल्या मण्यात हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा असतो आणि मागून नाशपतीची गोडी येते. मणी हिरवट-पिवळा, थोडा पारदर्शक, आणि बी तपकिरी होऊ लागलेलं.

टप्पा ९: तोडणीचा दिवस

पहाटे सुरू करा, ऊन चढायच्या आत संपवा. गरम मालात चिरडलेल्या मण्यांचा रस वाटेतच आंबायला लागतो आणि रंग तपकिरी होतो. मजूर कमी असतील तर दोन पहाटे तोडा, पण दुपारी बारापर्यंत ओढत नेऊ नका.

आदल्या दिवशी क्रेट स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा. क्रेट काठोकाठ भरू नका, खालचे मणी फुटतात. पानं, काड्या, माती नको. घड धुऊ नका. प्रत्येक घड नाकाजवळ नेऊन हुंगायला सांगा. व्हिनेगरसारखा वास आला की घड उघडून कुजका भाग कात्रीने काढायचा, कुज आतपर्यंत गेली असेल तर घड फेकायचा. शेनिनच्या दाट घडात कुज बाहेरून दिसत नाही, म्हणून डोळ्यांपेक्षा नाकावर भिस्त ठेवावी लागते. भरलेले क्रेट लगेच सावलीत, आणि गाडी काही तासांत वाईनरीत.

*तपासा:* गाडी निघण्याआधी तुमचा स्वतःचा नमुना काढून ब्रिक्स आणि पीएच लिहून ठेवा, सोबत वेळ आणि क्रेटची संख्या. वाईनरीत तपासणी होते तेव्हा समोर उभे राहा. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर तिथेच दुसरा नमुना मागा, दुसऱ्या दिवशी फोनवर नव्हे.

त्याच दिवशी बागेत परत येऊन ५० घडांचं वजन, एकूण टन, छाटणीपासून झालेले दिवस आणि शेवटचे तीन आकडे वहीत उतरवा. पुढच्या सप्टेंबरात छाटणीची तारीख ठरवायला बसाल तेव्हा हीच पानं काढावी लागतील. मग ड्रिप पुन्हा हलकं सुरू करा. वेल अजून हिरवी आहे आणि खरड छाटणीला महिना-दीड महिना अवकाश आहे.